मेजावरची रणभूमी

ज्या उद्योगात हात, डोळा आणि विद्या या तिन्ही गोष्टी एकत्र राबतात, त्याला कला म्हणावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा त्या उद्योगाचे नाव विचारूनच निकालात काढला जातो. एखाद्या गृहस्थाने नदीकाठचे खेडे कागदावर जलरंगांत उतरविले, तर तो चित्रकार. तेच खेडे त्याने माती, पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा यांतून मेजावर उभे केले, त्याच्या शिवारात बोटभर उंचीचे रंगविलेले सैनिक मांडले आणि फासे टाकून त्यांची लढाई लावली, तर मात्र तो पोरखेळ. पहिल्याच्या चित्रावर आपण समीक्षा लिहितो. दुसऱ्याकडे पाहून हसतो. आमच्या मते हे हसू घाईचे आहे. मेजावरील युद्धखेळ, त्यासाठी रंगविल्या जाणाऱ्या लघुमूर्ती आणि त्यांच्या पायांखाली रचली जाणारी भूमी यांना दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्यांचे स्वतःचे तंत्र आहे, संकेत आहेत, आणि ज्यांवर गंभीरपणे बोट ठेवावे असे दोषही आहेत. ज्या गोष्टीत दोष दाखविता येतात ती गोष्ट समीक्षेच्या कक्षेत आलीच. म्हणून प्रस्तुत लेखात या उपेक्षित कलेचे थोडे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. साधारणपणे सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे मेज घेतात. त्यावर टेकड्या, ओढे, कुंपणे, झाडी, घरे यांची रचना करतात आणि दोन खेळाडू आपापली सैन्ये समोरासमोर मांडतात. बुद्धिबळाप्रमाणे येथे घरे आखलेली नसतात. कोणती पलटण किती पुढे सरकेल हे फूटपट्टीने मोजतात, आणि गोळीबाराचा वा हातघाईचा निकाल नियमावलीतील कोष्टके व फासे यांवरून ठरवितात. अशी एक लढाई तीन-चार तासांत आटोपते. परंतु तिच्या तयारीला तीन-चार महिनेही पुरत नाहीत, कारण मूर्ती कोऱ्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या मिळतात आणि त्या बहुधा ज्याच्या त्यानेच रंगवावयाच्या असतात. खेळापेक्षा खेळाची सिद्धता मोठी, असा हा प्रकार आहे. प्रयोगापेक्षा तालमीत अधिक रमणारी नाटकवेडी मंडळी आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. त्यांच्याच जातीची ही माणसे समजावीत.

या खेळाचा एक उगम दरबारी आहे. १८१२ साली प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याला बॅरन फॉन राइसविट्झ याने एक अद्भुत मेज नजर केले. त्याच्या खणांत प्लॅस्टरचे उठावदार तुकडे होते. कोणावर नदीचे वळण, कोणावर टेकडीचा उतार, कोणावर गाव. हे तुकडे हवे तसे जुळवून नवनवा प्रदेश तयार करता येई. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने, जो तोफखान्यातील लेफ्टनंट होता, या खेळाला शास्त्रशुद्ध रूप दिले. नियम काटेकोर झाले, पंच आला, आणि प्लॅस्टरच्या भूमीच्या जागी १:८००० या प्रमाणाचा नकाशा आला. प्रशियाच्या सेनाप्रमुखांनी खेळ पाहिला, त्यांना तो पसंत पडला, आणि सैन्यातील अधिकाऱ्यांना त्याची शिफारस झाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खेळ बापाच्या हाती होता तोपर्यंत भूमीला चढउतार होता, बोटांना तो लागत होता. तो सरकारी उपयोगाचा ठरला त्याच क्षणी भूमीचा कागद झाला. फायलींशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे अशा आपल्या वाचकांना या स्थित्यंतराचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

दुसरा उगम घरगुती आहे, आणि आज जी कला आपण पाहतो ती या दुसऱ्या झऱ्यावर वाढलेली आहे. १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे क्षयावर उपचार घेत असलेला कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर माळ्याच्या फरशीवर खडूने नकाशा काढून शिशाच्या शिपायांची युद्धे खेळत असे. १८९३ पासून इंग्लंडमधील ब्रिटन्स या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई काढले. ते हलके व स्वस्त असल्याने मध्यमवर्गीय घरांतून त्यांच्या पलटणी उभ्या राहिल्या. आणि १९१३ साली एच. जी. वेल्स याने ‘लिटल वॉर्स’ हे छोटेखानी पुस्तक लिहून या खेळाला पहिली लोकप्रिय नियमावली दिली. वेल्सच्या पहिल्या रणभूमीवरच्या टेकड्या म्हणजे ज्ञानकोशाचे जाडजूड खंड होते! पुढे त्याने बागेतल्या डहाळ्यांची झाडे केली, लाकडी ठोकळ्यांची व पुठ्ठ्यांची घरे केली. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन या इंग्रज लेखकाचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आले आणि खेळ प्रौढांचा झाला. १९८३ नंतर ‘वॉरहॅमर’सारख्या अद्भुतरम्य खेळांनी राक्षस, यक्ष आणि परग्रहावरचे योद्धे मेजावर आणले, आणि रंगकाम ही स्वतंत्र स्पर्धेची बाब झाली. एवढा इतिहास आमच्या विवेचनास पुरेसा आहे.

आता प्रथम मूर्तींकडे वळू. आजची प्रचलित मूर्ती २८ मिलिमीटर उंचीची, म्हणजे बोटाच्या एका पेराहून थोडी मोठी असते. साच्याची राहिलेली रेघ कानशीने घासून काढावयाची, मग प्रायमरचे अस्तर द्यावयाचे, मग अंगरखा, पट्टे, बंदूक, कातडी यांचे मूळ रंग भरावयाचे. येथपर्यंतचे काम चिकाटीचे आहे. कला यापुढे सुरू होते. पातळ केलेला गडद रंग मूर्तीवरून फिरवितात. तो वस्त्राच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत, डोळ्यांच्या खोबणीत उतरून बसतो. त्यानंतर जवळजवळ कोरडा केलेला कुंचला फिक्या रंगात बुडवून उंचवट्यांवरून हलकेच ओढतात, म्हणजे खांदे, गुडघे, नाकाचा शेंडा उजळतात. हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, खऱ्या माणसाच्या अंगरख्याची चुणी बोटभर खोल असते आणि तिच्यात सावली आपोआप पडते. मूर्तीच्या अंगरख्याची चुणी केसाएवढी खोल असते, आणि दिव्याच्या उजेडात तिच्यात सावली दिसतच नाही. मूर्तीला जी सावली नैसर्गिकपणे मिळत नाही ती चित्रकार तिला रंगाने देतो. तो अंगरखा रंगवीत नाही, अंगरख्यावर पडलेले ऊन रंगवितो. आपल्या रंगभूमीवरील रंगभूषाकार शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला भुवई दिसावी म्हणून ती जेवढी असते त्याहून ठळक ओढतो. मेजापासून तीन फुटांवर उभ्या असलेल्या खेळाडूसाठी हा कुंचलेबहाद्दर तेच करतो. अतिशयोक्ती हा येथे दोष नसून सत्याकडे जाण्याचा एकमेव रस्ता आहे.

परंतु याच सामर्थ्यात या कलेचा एक दोष दडलेला आहे. स्पर्धांच्या प्रभावाने एकेक मूर्ती रत्नासारखी घडविण्याची चाल पडली आहे. बुबुळातील प्रकाशाचा ठिपका, गुंडीवरील चमक, पट्ट्याच्या कडेची शिवण, सर्व काही भिंगातून पाहावे असे. अशी एक मूर्ती काचेच्या कपाटात शोभते. पण अशा चोवीस मूर्तींची पलटण मेजावर उभी केली की नजर कोठेच ठरत नाही. प्रत्येक शब्द अलंकृत असलेल्या वाक्याची जी अवस्था होते तीच त्या पलटणीची होते. चांगली रंगविलेली पलटण प्रथम पलटण म्हणून दिसली पाहिजे. तिचा एक रंग, एक चाल दुरून जाणवली पाहिजे, आणि जवळ गेल्यावर मग त्यातला एखादा शिपाई आपले वेगळे तोंड दाखवील. कीर्तनातील टाळकऱ्यांत प्रत्येकाने स्वतंत्र तान घ्यावयाची नसते.

दुसरा दोष याहून गंभीर आहे, आणि तो कुंचल्याचा नसून दृष्टीचा आहे. बहुतेक खेळाडू गणवेशाची पुस्तके समोर ठेवून रंगकाम करतात. कोणत्या पलटणीची कॉलर पिवळी, कोणाची हिरवी, यावर त्यांचे वादविवाद चालतात. हा अभ्यास स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु नियमपुस्तकातला गणवेश आणि शिपायाच्या अंगावरचा गणवेश यांत जे अंतर असते, ते परिपत्रक आणि प्रत्यक्ष कारभार यांतील अंतराएवढेच असते. १७ जून १८१५ च्या दुपारपासून रात्रभर वॉटर्लूच्या परिसरात मुसळधार पाऊस पडला, आणि दोन्ही सैन्यांनी ती रात्र उघड्यावर चिखलात काढली. दुसऱ्या दिवशी लढलेली माणसे भिजलेली, चिखलाने माखलेली, झोप न झालेली होती. असे असता शंभर मेजांपैकी नव्वद मेजांवरचे वॉटर्लूचे शिपाई नुकतेच परीटघडी मोडून संचलनाला निघाल्यासारखे दिसतात! ज्या चित्रकाराने पांढऱ्या विजारीच्या पोटरीपर्यंत तपकिरी चिखल चढविला, त्याने गणवेशाचे पुस्तक बाजूला ठेवून इतिहासाचे पुस्तक उघडले, असे आम्ही म्हणू.

भूमिरचनेची गोष्ट याहून खोल आहे, आणि आमच्या मते या कलेचे खरे मर्म तेथेच आहे. २८ मिलिमीटरची मूर्ती म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे साठावा भाग. आता याच प्रमाणात भूमीही लहान करावयाची म्हटले, तर एका किलोमीटरच्या आघाडीसाठी सोळा-सतरा मीटर लांबीचे मेज लागेल! हे उघडच अशक्य आहे. म्हणून भूमी मूर्तीच्या मानाने कितीतरी अधिक आकसून घ्यावी लागते. एका मेजावर अशी दोन प्रमाणे एकाच वेळी नांदतात. त्यातून या कलेचे विलक्षण संकेत जन्मास आले आहेत: कित्येक नियमावल्यांत एक मूर्ती म्हणजे वीस माणसे, एक घर म्हणजे अवघे गाव, पाच झाडे म्हणजे राई.

ज्यांनी काव्यशास्त्र वाचले आहे त्यांना ही लक्षणा आहे हे सांगावयास नको. वाच्यार्थाने घेतले तर हे मेज हास्यास्पद आहे, कारण बंदुकीच्या टप्प्याएवढे अंतर त्यावर वीतभर असते आणि शिपाई घराच्या छपराला टेकलेला असतो. वाच्यार्थ बाधित झाला म्हणजेच लक्ष्यार्थ उमलतो, हे आपल्या आलंकारिकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. परंतु लक्षणेलाही प्रयोजन हवे. गावातल्या साठ घरांपैकी एकच घर ठेवावयाचे, तर ते कोणते? ओढ्याच्या दहा वळणांपैकी दोनच ठेवता येतात, तर ती कोणती? येथे हाताचे कसब संपते आणि विवेक सुरू होतो. थर्माकोल तासून टेकडी करणे, पांढऱ्या गोंदावर वाळू पसरून माती करणे, रंगविलेल्या भुशाचे गवत करणे, या गोष्टी कोणासही महिन्याभरात शिकता येतील. काय वगळावे हे शिकावयास मात्र त्या भूमीची ओळख लागते.

या संदर्भात एका माणसाचे उदाहरण देण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. १८३० साली विल्यम सायबॉर्न या इंग्रज लेफ्टनंटवर वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याची कामगिरी सोपविण्यात आली. ही प्रतिकृती खेळण्यासाठी नव्हती. परंतु लघुमूर्ती आणि भूमिरचना या दोन्ही कलांचा तो आदिग्रंथ आहे. सायबॉर्न रणभूमीवरील ला हे सांत नावाच्या शेतघरात आठ महिने राहिला आणि त्याने सारा प्रदेश मोजून काढला. अडचण अशी की, १८२६ पर्यंत तेथे सिंहाच्या स्मारकाचा प्रचंड ढिगारा उभारण्यात आला होता, आणि त्यासाठी लागलेली माती वेलिंग्टनच्या आघाडीच्या टेकाडावरूनच खणून नेली होती. ज्या उंचवट्याने लढाईचा निकाल लावण्यास हातभार लावला, तो उंचवटाच स्मारकाच्या पोटात गेला होता! सायबॉर्नला नाहीशी झालेली भूमी पुन्हा उभी करावी लागली. त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडली: सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे होती, कोणत्या रचनेत होती, आणि तुमच्या समोरच्या शेतात पीक कोणते उभे होते?

या शेवटच्या प्रश्नापाशी आम्ही थबकतो. कित्येक वर्षांपूर्वीच्या रणधुमाळीत पीक कोणते होते, हे विचारणारा माणूस नुसता मोजणीदार नव्हे. उभ्या राय धान्यात शिपायाला समोरचे दिसत नाही, घोडा अडखळतो, गोळीबार आंधळा होतो. म्हणून पिकाची चौकशी लष्करी दृष्ट्याही रास्त होती. पण त्याचबरोबर, ती कोणाची तरी शेते होती, ही जाणीव या प्रश्नात आपोआप येऊन बसली आहे.

१८३३ साली सरकारने या कामाला पैसा देण्याचे नाकारले. सायबॉर्नने स्वतःच्या जबाबदारीवर काम पुरे केले. १८३८ साली लंडनमधील इजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती मांडण्यात आली. दोन्ही बाजूंनी अठरा फुटांहून अधिक, एका मैलास नऊ फूट या प्रमाणाची, आणि तिच्यावर ७०,००० हून अधिक चिमुकले शिपाई, दोन माणसांमागे एक या हिशेबाने. एक शिलिंग देऊन सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली. सायबॉर्नच्या पदरात मात्र कर्जच उरले. त्याचा गुन्हा असा की, सायंकाळी सातच्या सुमारास रणभूमीवर किती प्रशियन सैन्य येऊन ठेपले होते, हे त्याने आपल्या माहितीप्रमाणे दाखविले. विजयाचे श्रेय वाटून घेण्याचा हा देखावा वेलिंग्टनच्या वर्तुळाला रुचला नाही, आणि पुढे सायबॉर्नने प्रशियन मूर्तींचा मोठा भाग उचलून घेतला. बोटाच्या पेराहून लहान शिपाई जागचे हलविल्याने साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या सेनानीला अस्वस्थ वाटू शकते, यावरून हा पोरखेळ नव्हे एवढे तरी सिद्ध व्हावे. ही प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

वॉटर्लूचा हाच वेलिंग्टन त्याच्या बारा वर्षे आधी आपल्या मुलखात लढला होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली, आणि ती लढाईही युद्धखेळाच्या मेजांवर आवडीने मांडली जाते. मधे केळणा नदी, तिच्या पलीकडे मराठ्यांची फौज. पोलमनच्या हाताखालची कवायती पायदळे व तोफा सज्ज. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. तेव्हा वेलस्लीने दूरवर पाहिले, तो नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तीरावर दोन गावे समोरासमोर दिसली: एक पिंपळगाव, आणि दुसरे इंग्रजी वृत्तांतांत ज्याचे नाव ‘वारूर’ असे येते ते. त्याने तर्क केला की, दोन गावे नदीच्या दोन काठांवर एवढी जवळजवळ वसली आहेत, त्या अर्थी त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. तर्क खरा ठरला. तेथे उतार मिळाला, सैन्य पार झाले, आणि सुमारे एक तृतीयांश माणसे जायबंदी वा ठार होऊनही इंग्रजांनी लढाई जिंकली.

या प्रसंगाचे मर्म काय आहे? वेलस्लीने त्या क्षणी भूमीचा लष्करी अर्थ वाचला नाही. त्याने तिचा संसारी अर्थ वाचला. अलीकडच्या गावची लेक पलीकडच्या गावी दिली असेल, पलीकडचा शेतकरी अलीकडच्या बाजाराला येत असेल, गुरे नदीत उतरत असतील, ही साधी माणसांची रहाटी त्याला दोन गावांच्या जवळिकीत दिसली. जे वाटाड्यांनी सांगितले नाही ते गावांनी सांगितले. आता मेजावरची असई कशी रचावयाची? बहुतेक नियमावल्यांत गाव म्हणजे आडोसा. त्यात शिरलेल्या शिपायांवर गोळीबार कमी लागू होतो. फाशावरच्या आकड्यातून एक-दोन वजा केले की गावाचे काम संपले. अशा दृष्टीने रचलेल्या मेजावर पिंपळगाव म्हणजे चार मातकट घरे आणि वजाबाकीचा एक आकडा. खेळाडूला नदीचा उतार कोठे आहे हे नियमावली सांगते; गावे सांगत नाहीत. याउलट एखाद्या जाणत्या रचनाकाराने दोन्ही गावांतून नदीकडे उतरणारी गाडीवाट दाखविली, चाकांनी खचलेली तिची दरड दाखविली, पाणवठ्याशी गुरांच्या खुरांनी तुडविलेला चिखल दाखविला, तर त्या मेजावर वेलस्लीचा तर्क खेळाडूला स्वतः करता येईल. लक्षणेच्या पुढची जी पायरी, ती व्यंजना येथे गाठली जाते. जे मांडलेले नाही, ते माणसांचे येणेजाणे, जे मांडले आहे त्यातून ध्वनित होते.

आमचा या कलेवरचा मुख्य आक्षेप आता स्पष्ट करता येईल. या मेजांवर घरे असतात, घरची माणसे नसतात. कौलन्‌कौल बसविलेली शेतघरे असतात, विहिरीवर रहाट असतो, परसात भाजीचे वाफे असतात. परंतु ज्यांनी ते वाफे शिंपले त्यांचा मागमूस नसतो. लढाईच्या दिवशी लोक पळून गेले असतील, हे खरे. मग पळून जाण्याच्या खुणा तरी कोठे आहेत? उघडे राहिलेले दार, वाटेत सांडलेले गाठोडे, दाव्याला विसरलेले वासरू? भूमी इतकी सजविलेली आणि इतकी निर्जन पाहिली की ती रणभूमी न वाटता नव्याने बांधलेली व अद्याप वाटप न झालेली सरकारी वसाहत वाटते.

‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाचे मूल्यमापनही याच कसोटीवर करता येते. ते एकाच वेळी खेळकर आणि कळकळीचे आहे. शेवटी वेल्स असा युक्तिवाद करतो की, खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे; जो हे तीन-चारदा खेळेल त्याला खरे युद्ध किती गोंधळाचे आणि बेढब असते ते कळून येईल. हेतू उदात्त आहे. परंतु युक्तिवाद टिकणारा नाही. ज्या प्रशियन सैन्याचे अधिकारी १८२४ पासून पिढ्यान्‌पिढ्या युद्धखेळ खेळत आले होते, त्यांचेच वारस १९१४ साली महायुद्धात उतरले. आणि स्वतः वेल्सने त्याच वर्षी, हे युद्ध म्हणजे युद्धाचा अंत करणारे युद्ध आहे, असे प्रतिपादणारे पुस्तक लिहून त्याचा पुरस्कार केला. खेळण्याने कोणी शांततावादी होत नाही, तसा कोणी रक्तपिपासूही होत नाही. वेल्सच्या बैठकीच्या खोलीत ज्ञानकोशाच्या खंडांवरून शिपाई कोसळत होते, पण त्या टेकड्यांवर कोणी राहत नव्हते, आणि म्हणूनच ते छोटे युद्ध त्याला इतके निरागस वाटले, असे आम्हांस वाटते. निर्जन भूमीवरचे कोणतेही युद्ध निरागसच दिसते.

तथापि या उद्योगाची एक नैतिक बाजू आहे, आणि ती खेळात नसून रंगकामात आहे. ज्याने एकेका शिपायाच्या तोंडावर रात्री जागून रंग चढविला, तो फासा वाईट पडून ती पलटण उचलावी लागते तेव्हा क्षणभर हात आखडता घेतो. मूर्ती डब्यात परत जाते, उद्या पुन्हा उभी राहते. तरीही त्या क्षणी आकड्याला तोंड असते ही गोष्ट हाताला समजते. नकाशावर निळ्या-तांबड्या ठोकळ्यांनी खेळणाऱ्याला हे समजण्याचा संभव कमी. राइसविट्झच्या मुलाने भूमीचा कागद केला तेव्हा जे हरवले ते हेच.

या निर्जन मेजांच्या जोडीला आपल्या घरची एक रचना ठेवून पाहावी. दिवाळीत आपल्याकडे मुले किल्ला करतात. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांतही गॅलरीच्या कोपऱ्यात, क्वार्टरच्या अंगणात तो होतो. विटा, दगड, त्यांवर चिखलात बुडविलेले गोणपाट, आठवडाभर आधी पेरलेल्या अळिवाची हिरवळ, आरशाच्या तुकड्याचे तळे. प्रमाणाच्या दृष्टीने हा किल्ला युद्धखेळाच्या मेजाहूनही बेबंद. माथ्यावरचे शिवाजी महाराज महाद्वारापेक्षा उंच, गुहेतला वाघ बुरुजाएवढा, आणि मावळ्यांच्या अंगावरचे रंग भडक. येथे माप भक्तीचे आहे, फूटपट्टीचे नव्हे. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी पाहा. तेथे नांगर धरलेला शेतकरी आहे, डोक्यावर घागर घेतलेली बाई आहे, गवळण आहे, भाजीवाली आहे, वासुदेव आहे. आणि शत्रू बहुधा कोठेच नाही! ज्यांच्यासाठी किल्ला आहे ती माणसे मुलांनी आधी मांडली. ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांची आठवणही ठेवली नाही. हा लढाईचा देखावा नव्हेच. तो नांदत्या राज्याचा देखावा आहे.

म्हणून पाश्चात्त्य मेज हीन आणि आपला किल्ला श्रेष्ठ, असा सोयीचा निष्कर्ष काढण्याची आमची इच्छा नाही. आपल्या किल्ल्यात भूमीचा अभ्यास नसतो. राजगड आणि सिंधुदुर्ग यांतला भेद मातीच्या त्या ढिगाऱ्यावरून बहुधा कळत नाही. अलीकडे मोजमापे घेऊन, माच्या, बुरुज व दरवाजे जागच्या जागी दाखवून प्रत्यक्ष किल्ल्यांच्या प्रतिकृती करण्याचा चांगला प्रघात पडला आहे, आणि त्याबद्दल ती मंडळे कौतुकास पात्र आहेत. फक्त अशा काही अचूक किल्ल्यांच्या पायथ्याहून शेतकरी व गवळण प्रमाणात बसत नाहीत म्हणून हद्दपार होतात, तेव्हा आम्हांस खेद होतो. सायबॉर्नने पिकाची चौकशी केली ती अचूकतेसाठीच. अचूकता आणि आपुलकी यांचे वैर नाही हे त्याच्या पत्रांवरून शिकावे.

लहान करून पाहणे ही केवळ खेळाडूंची सवय नाही. राज्यकारभार म्हणजेच मोठी गोष्ट लहान करून मेजावर घेणे. गावाचा सर्व्हे नंबर होतो, नदीची निळी रेघ होते, माणसांचा तक्ता होतो. त्यावाचून काम चालत नाही, आणि ते चुकीचेही नाही. प्रश्न एवढाच असतो की, लहान करताना काय वगळले आणि काय राखले. मेजावरच्या रणभूमीचे गुणदोष ठरविताना आम्ही हीच कसोटी लावू. शिपायांच्या गुंड्या किती चमकतात हे मागाहून पाहावे. आधी सर्व शिपाई मनाने उचलून बाजूला ठेवावेत, आणि उरलेल्या भूमीकडे पाहावे. पाणी कोण कोठून भरते, गाडी कोठून उतरते, पीक कोणाचे आहे, हे तिच्यावरून सांगता आले, तर ती रचना उत्तम. ते सांगता येत नसेल, तर रंगकाम कितीही सुबक असो, त्या मेजावर लढाई झाली असली तरी ती कोठेच झालेली नाही.